कुमुद म्हणजे कमळ नव्हे

कुमुद आणि कमळ हे एकाच फुलाचे दोन शब्द, असे अनेक जण धरून चालतात. दोन्ही तळ्यात उगवतात, म्हणून गोंधळ होणे साहजिक आहे. पण एकाच चाळीत राहणारी दोन बिऱ्हाडे एका आडनावाची नसतात, तसेच हे आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांची कुळे (जवळच्या वनस्पतींचे गट) वेगळी आहेत.

तळ्याकाठी उभे राहून फरक ओळखता येतो. कमळाचे पान पूर्ण गोल असते, बहुधा पाण्याच्या वर उचललेले, आणि त्यावर थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. फुलाच्या मधोमध झारीच्या तोंडासारखा भाग दिसतो. कुमुदाचे पान देठाजवळ चिरलेले असते व पाण्यावर पसरून तरंगते. आज आपण त्याला वॉटर लिली म्हणतो, तरी बागेतल्या लिलीशी त्याचे नाते नाही.

जुन्या काव्यासाठी मात्र खरा फरक वेळेचा. कमळ सकाळी उमलते. पांढरे कुमुद रात्री उमलते आणि दिवस चढला की मिटते. म्हणूनच चंद्राला ‘कुमुदनाथ’ म्हणतात. ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायातली कुमुदिनी आपली जागा न सोडता चंद्राला आलिंगन देते. तिथे कमळ कल्पिले, तर ही सुंदर प्रतिमाच कोलमडते. संस्कृतातले नीलोत्पलही कुमुदाच्याच कुळातले. ते ‘निळे कमळ’ म्हणून सांगितले जाते, पण खरे कमळ गुलाबी किंवा पांढरे असते.

घरात कुणा आजीचे नाव कुमुद असेल, तर तिला हे जरूर सांगा: तिचे फूल चांदण्यात उमलणारे आहे.