गावाचा इतिहास गावात जपावा

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजधान्या व लढाया येतात. आपल्या गावाचे नाव मात्र त्यात क्वचितच आढळते. त्यामुळे इतिहास म्हणजे दूर कोठेतरी घडलेली गोष्ट, असा मुलांचा समज होतो. गावातील लहानसे वस्तुसंग्रहालय हा समज दूर करू शकते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

संत गोरोबाकाकांचे तेर हेच प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगरातून कापड गाड्यांत भरून भडोच बंदरास जात असे, असे नमूद आहे. तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले. गावच्या पांढरीच्या टेकाडांत जुनी नाणी, मणी व भाजक्या मातीच्या मूर्ती सापडत. गावातील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वयंस्फूर्तीने अशा वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे, इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. पुढे हा संग्रह शासनाकडे आला व लामतुरे यांच्याच नावाचे संग्रहालय तेर येथे उभे राहिले. एका गावकऱ्याने जपले नसते, तर हे धन विखुरले असते.

प्रत्येक गाव तेर नव्हे. परंतु मोट, पाभरी, जाते, शेर-पायलीची मापे व मोडी कागद ही सामग्री बहुतेक गावांत होती. आज ती मोडीत व रद्दीत जात आहे. ग्रामस्थांच्या साहाय्याने शाळेच्या एका कोपऱ्यातही तिचा संग्रह उभा राहू शकतो. त्यासाठी शिक्षकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(१) प्रत्येक वस्तूस क्रमांक देऊन नोंदवही ठेवावी. वस्तू कोठे व केव्हा मिळाली, कोणी दिली, तिचा उपयोग काय होता, हे त्याच दिवशी लिहावे. ठिकाण न नोंदलेल्या वस्तूची निम्मी साक्ष नष्ट होते.

(२) मोट हाकलेल्या वृद्धांस शाळेत बोलावून त्यांचे कथन मुलांकडून लिहून घ्यावे.

(३) नाणी घासून चकचकीत करू नयेत. कागद ओल व वाळवी यांपासून दूर ठेवावेत.

(४) टेकाड उकरू नये. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे आवश्यक आहे.

संग्रहाची किल्ली एकाच व्यक्तीकडे राहिल्यास तिच्या बदलीबरोबर कपाटही बंद पडते. म्हणून दोन ग्रामस्थ व वरच्या वर्गातील काही विद्यार्थी यांच्याकडे आळीपाळीने हे काम सोपवावे. ज्या मुलाने आजीच्या जात्याची नोंद स्वहस्ते केली, त्यास इतिहास परका वाटणार नाही.