पकडींच्या आकड्यात न मावणारा बचावपटू

ऑक्टोबर २०२३च्या प्रो कबड्डी लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या महम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. अख्खा संघ उभा करायला प्रत्येक मालकाला ५ कोटींची मर्यादा होती. म्हणजे जवळजवळ निम्मा पैसा एका खेळाडूवर गेला, आणि तोही चढाईपटूवर नव्हे, डाव्या कोपऱ्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या बचावपटूवर. कबड्डीत टाळ्या आणि पैसा नेहमी चढाई करणाऱ्याकडे जास्त गेला आहे. २०१८च्या लिलावात एक कोटीचा आकडा गाठणारा लीगमधला पहिला खेळाडू फझल अत्राचली हा बचावपटूच होता. पण त्याच लिलावात चढाईपटू मोनू गोयतने १ कोटी ५१ लाखांपर्यंत मजल मारून त्याला मागे टाकले.

पलटणचा पैसा वसूल झाला. साखळीतल्या २२ सामन्यांत संघ फक्त दोनदा हरला आणि १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिल्यांदा विजेता झाला. शादलुईच्या नावावर पकडींचे ९९ गुण होते, त्या हंगामात सर्वांत जास्त. पुढच्या लिलावात हरलेल्या हरियाणानेच त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले. २९ डिसेंबर २०२४ला पुण्यात बालेवाडीला अंतिम सामना झाला, हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवले आणि आपले पहिले विजेतेपद मिळवले. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला शादलुई. पलटण मात्र त्या वर्षी बाद फेरीतही पोचली नाही.

इतके पाहून कुणीही म्हणेल, शादलुई जिथे, करंडक तिथे. पण जरा थांबायला हवे. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा पोरगा आणि आदल्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू, त्या वर्षी दुखापतीमुळे मध्येच बाहेर गेला. मग पलटण कोणामुळे घसरली? शादलुई गेल्यामुळे की अस्लम जायबंदी झाल्यामुळे? २०२५मध्ये तर गणित आणखी बिघडले. गुजरात जायंट्सने शादलुईसाठी २ कोटी २३ लाख मोजले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. तरी गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. अस्लम परतलेली पलटण थेट अंतिम फेरीत गेली आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी थोडक्यात हरली.

माणूस तोच, ताकद तीच, फळ मात्र वेगवेगळे. म्हणून बचावपटूची किंमत ठरवताना त्याचे काम नेमके काय असते, ते आधी पाहावे लागते.

गुणपत्रक पकड मोजते. कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षकाने कंबर आवळली, साखळीने मागून दाबले, तरी पकडीचा गुण एकाच्याच नावावर चढतो. बाकीच्यांची मेहनत त्या आकड्यात दिसत नाही. त्याहून न दिसणारी गोष्ट म्हणजे न झालेली चढाई. चढाईपटूकडे ३० सेकंद असतात. समोर धोकादायक कोपरा असेल तर तो त्या बाजूला खोल शिरत नाही, निदान रेषा ओलांडून परत फिरतो किंवा दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची. तिच्यात गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद. त्या तिसऱ्या चढाईत दुसऱ्या कोपऱ्याने पकड केली तर टाळ्या त्याला मिळतात. पण आधीच्या दोन चढाया ज्याच्या धाकाने वाया गेल्या, त्याच्या खात्यात शून्य.

पकडी-पकडींतही फरक असतो. मैदानात सातही जण असताना एखादा नवखा धरणे वेगळे आणि तिघेच उरलेले असताना प्रतिस्पर्ध्याचा मुख्य चढाईपटू पाडणे वेगळे. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, लोण टळतो आणि मुख्य चढाईपटू त्याच्या संघाने पुढचे गुण मिळवेपर्यंत बाकावर बसतो. चाळीस मिनिटांच्या खेळात तो जितका वेळ बाहेर, तितका समोरचा संघ लंगडा. उलट फसलेली पकड थेट गुण देऊन जाते. पुढे झेपावणारा बचावपटू डोळ्यांना सुखावतो, पण त्याच्या फसलेल्या उड्याही मोजल्याच पाहिजेत.

अष्टपैलूपणाचे मोल याहून निराळे. कोपरा सांभाळणारा खेळाडू वेळ पडल्यास मध्यरक्षक म्हणून उभा राहिला, शिवाय चढाईलाही गेला, तर सातांत प्रशिक्षकाची एक जागा मोकळी होते. शादलुई चढाई करतो तेव्हा त्याने आणलेल्या गुणांपेक्षा ही मोकळीक मोठी. मात्र ती भरायला संघात दर्जेदार माणसे हवीत. पलटणकडे पंकज मोहिते, मोहित गोयत, गौरव खत्री होते. हरियाणाकडे जयदीप दहिया, राहुल सेठपाल आणि शिवम पटारे. अंतिम सामन्यात सर्वाधिक नऊ गुण नगरच्या शिवमचे होते, त्याच्यामागोमाग शादलुईचे सात.

बास्केटबॉलमध्ये हाच प्रश्न कितीतरी आधी उभा राहिला. बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलने १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली, आणि त्याचा हुकमी खेळ होता समोरच्याचा फटका हवेतच अडवणे. पण अमेरिकेच्या एनबीएमध्ये असे अडवलेले फटके १९७३-७४च्या हंगामापासून मोजायला सुरुवात झाली. रसेल १९६९मध्येच निवृत्त झाला होता. पुढे, खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे राहिला, याचा हिशेब सुरू झाला. तोही पुरता भरवशाचा नाही. २०१६च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स ३-१ने पुढे होते. बंदीमुळे त्यांचा बचावपटू ड्रेमंड ग्रीन पाचव्या सामन्यात नव्हता, ते हरले आणि शेवटी मालिकाही गमावली. ग्रीनचे महत्त्व त्या दिवशी सगळ्यांना पटले. परंतु त्याच सामन्यात त्यांचा उंच सेंटर अँड्र्यू बोगट जखमी होऊन बाहेर पडला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. तो ग्रीन २०१२च्या खेळाडू निवडीत ३५व्या क्रमांकावर मिळाला होता आणि २०१७मध्ये वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

तेव्हा शादलुईबद्दल निवाडा असा : चांगल्या संघाला विजेता करण्याइतका तो मोठा आहे, कमकुवत संघ एकट्याने वर काढण्याइतका नाही. पलटण आणि हरियाणासाठी त्याची किंमत रास्त होती. गुजरातने तीच रक्कम दोन-तीन भरवशाच्या खेळाडूंत वाटली असती तर संघाचे अधिक भले झाले असते.

हा हिशेब कोटींच्या लिलावापुरता ठेवायचे कारण नाही. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात संघ निवडायचा असो की नंदुरबार जिल्ह्याचा, निवड करणाऱ्यांनी गुणलेखकाशेजारी एक मुलगा आणखी एक वही देऊन बसवावा. कोणत्या बाजूने किती चढाया रिकाम्या गेल्या, मुख्य चढाईपटूला कुणी किती वेळा बाहेर बसवले, किती पकडी फसल्या, एवढे त्याने लिहावे. अंतिम यादीवर सही करण्याआधी ती वही एकदा जरूर वाचावी.