उटण्याचा माल आणि उटण्याची पारख

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा करताना जाणता खरेदीदार आधी हळकुंड मोडून पाहतो. वरच्या रंगावर त्याचा विश्वास नसतो, कारण ढोलात घासून पॉलिश झालेले प्रत्येक हळकुंड वरून सारखेच पिवळे दिसते. त्याची नजर असते ती मोडलेल्या तुकड्याच्या गाभ्याकडे. गाभा नारिंगीकडे झुकणारा आहे की फिकट, तुटताना खणखणीत आवाज येतो की माल दमट आहे, वास खमंग आहे की कोंदट, हे क्षणभरात पाहून तो भाव बोलतो. हीच हळद पुढे दळली जाते, पुड्यात भरली जाते, किराणा दुकानातून घरी येते आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या गालालाही लागते. आमटीत ती चिमूटभर पडते, अंगाला मात्र वाटीभर चोळली जाते. असे असूनही पिठीसाठी किंवा उटण्यासाठी आणलेला पुडा मोडलेल्या हळकुंडाच्या नजरेने कोणी पाहत नाही.

अलीकडे घरगुती सौंदर्योपचारांना पुन्हा चांगले दिवस आले आहेत, आणि ते स्वागतार्हच आहे. स्वयंपाकघरातील मसूर, तांदूळ, तीळ, हळद, तूप, साय यांच्या साहाय्याने त्वचेची निगा राखणे हे आपल्याकडे नवीन नाही. मात्र मोबाईलवरून फिरणाऱ्या कृतींमध्ये वस्तूंची नावे असतात, वस्तूंची जात नसते. कोणती हळद, किती जुनी, कोणत्या ऋतूत, कोणाच्या त्वचेला, याविषयी त्या मौन पाळतात. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या हा माल विकला, त्या घरांतील मुलींनीही अशा कृतींवर विसंबावे, ही थोडी खेदाची गोष्ट आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाने या बाबतीत फार बारकाईने विचार केला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात दिनचर्या सांगताना अभ्यंग, व्यायाम आणि त्यानंतर उद्वर्तन येते. उद्वर्तन म्हणजेच आपले उटणे. कफ आणि मेद कमी व्हावा, अंग घट्ट राहावे, त्वचा प्रसन्न दिसावी, एवढेच त्याचे फळ तेथे सांगितले आहे. याच ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे तीन प्रकार आहेत : दोष घालवणारा, विष घालवणारा आणि वर्ण सुधारणारा. लेपाची जाडीसुद्धा मोजून दिली आहे, अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा अर्धा भाग. लेप ओला असेपर्यंतच गुणकारी. वाळला की तो उलट कांती बिघडवतो. म्हणून तो पुन्हा ओला करून काढावा आणि नंतर चेहऱ्याला तेल लावावे, असा स्पष्ट नियम आहे.

आज मुलतानी मातीचा थर चेहऱ्यावर भेगा पडेपर्यंत ठेवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती या नियमाच्या अगदी विरुद्ध जाते. वाळणारी माती त्वचेतील तेल आणि ओलावा दोन्ही शोषून घेते. तेलकट चेहऱ्याला ते एकवेळ सोसते. चाळिशीनंतरच्या कोरड्या त्वचेला, विशेषतः हिवाळ्यात, सोसत नाही. लेप लावल्यावर दिवसा झोपू नये, फार बोलू नये, विस्तवाजवळ किंवा उन्हात जाऊ नये, शोक आणि क्रोध टाळावा, असेही वाग्भट सांगतो. जागरण झालेल्याला आणि अजीर्ण असलेल्याला तर मुखलेप वर्ज्यच. लग्नघरातील नवरीला यातील एकही अट पाळता येणे कठीण आहे, हे खरे!

त्या अध्यायात सहा ऋतूंचे सहा लेप वेगवेगळे दिले आहेत. हेमंतात बोराच्या बियांतील मगज आणि पांढरी मोहरी, शिशिरात काळे तीळ आणि तूस काढलेले जव, तर ग्रीष्मात कमळ, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. थंडीत स्निग्ध आणि उष्ण, उन्हाळ्यात शीत, हा हिशेब उघड आहे. बारा महिने एकच डबा उघडून एकच मिश्रण लावणे हे या शास्त्रात बसत नाही.

हळदीचा पिवळा रंग ज्या घटकामुळे येतो, तो कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणूनच आजीच्या हातची हळद साय, तीळतेल किंवा तूप यांत कालवलेली असे. पाण्यात कालवलेली हळद रंग देते, काम थोडे करते. हा घटक उजेडानेही नष्ट होतो. हळदीचा डाग उन्हात वाळत घातल्यावर फिकट पडतो, तो याच कारणाने. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या खोल पेवांत हळद साठवत, तेथे तिला ना उजेड लागे, ना कीड. २००५ च्या महापुरात तेथील पेवांची मोठी हानी झाली आणि साठवण शीतगृहांकडे गेली. घरापुरता यातून घ्यायचा धडा एवढाच की खिडकीतल्या काचेच्या बरणीपेक्षा फडताळातला स्टीलचा डबा बरा. आणखी एक व्यवहारातली गोष्ट : हळद लावलेले अंग साबणाने धुतले की लालसर डाग उमटतात, कारण साबणातील क्षाराशी हळद लाल होते. त्यासाठी तांदळाच्या किंवा डाळीच्या पिठाने अंग चोळून धुवावे.

हळदीच्या गुणांविषयी जगात एक मोठा वाद झाला, तो येथे आठवावा लागतो. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून येण्याच्या उपयोगाचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुने ग्रंथ आणि १९५३ मधील एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. हा सारा लढा हळद जखम भरते या गुणासाठी होता. गोरेपणाचा दावा त्यात कोणत्याही बाजूने केलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता माल. हळदपुडीत खडूची भुकटी, पिष्ट, मेटॅनिल यलो हा रंग आणि क्वचित शिशाचे क्रोमेट मिसळलेले सापडते. शिसे त्वचेपेक्षा पोटातून अधिक घात करते, म्हणजे ही काळजी उटण्यापुरती नाही. काचेच्या पेल्यातील पाण्यात चमचाभर हळद टाकून ती स्थिर राहू द्यावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते; रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळे होते. ही चाचणी साधी आहे, पूर्ण नाही. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पुडीऐवजी अख्खी हळकुंडे आणणे, एक मोडून पाहणे, वाटल्यास धुऊन कडक वाळवणे आणि घरी किंवा गिरणीत आपल्या डोळ्यांदेखत दळणे. एका लग्नाच्या पिठीला पाव किलो हळकुंडे पुरून उरतात. कस्तुरी हळदीच्या नावाने मिळणारी भडक पिवळी पूड मात्र घेऊच नये. खऱ्या कस्तुरी हळदीची पूड फिक्या, सायीसारख्या रंगाची असते आणि तिचा डाग पडत नाही. चंदनाचेही असेच. स्वस्त चंदन पावडर कोणत्या लाकडाचा भुसा आहे हे देवच जाणे. सहाणेवर खोड उगाळणे जैन घरांना पूजेमुळे ठाऊक आहे, तेच करावे.

दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला कचोरा, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबपाकळ्या असतात आणि काष्ठौषधींच्या काही दुकानांतील तयार मिश्रणांत बावचीही असते. बावचीच्या बाबतीत थांबून विचार करायला हवा. कोडावर वैद्य ती देतात, कारण तिच्यातील सोरालेन हा घटक त्वचेला उन्हाबाबत संवेदनशील करतो. हे औषध झाले. तेच उटण्यात चोळून सकाळच्या उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते, फोडही येऊ शकतात. दुकानदाराकडून घटकांची यादी मागून घ्यावी आणि त्यात बावची असेल तर ते मिश्रण परत करावे.

लिंबाचे दुखणे याच जातीचे, पण ते घराघरांत आहे. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. या मोजमापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. हिशेब मांडला तर लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल ठरते. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात उन्हाशी वैर करणारे घटक असतात; लिंबू लावून उन्हात गेल्यावर आधी लाली आणि मग महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. उजळपणासाठी केलेला उपाय डाग देऊन जातो. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला आहे, त्याचा सामू ८ च्या पुढे. तोही चेहऱ्यापासून दूर ठेवावा. आंबटपणा हवाच असेल तर ताक किंवा दही पुरेसे सौम्य आहे.

बाजारात फिरणाऱ्या निम्म्या कृतींत मध असतो. जैन घरात तो चालत नाही, आणि त्याची उणीव भासण्याचेही कारण नाही. ओलावा धरून ठेवण्याचे काम साय आणि तूप करतात, शामक गुण ज्येष्ठमधाच्या पुडीत आहे. कोरफड आणि ओली हळद परंपरेने अनंतकायांत गणल्या जातात, त्यामुळे अनेक घरे त्या टाळतात; वाळवलेल्या हळदीला तो प्रश्न नाही. कोरफड वापरणाऱ्यांनीही पान कापून उभे ठेवावे आणि पिवळा चीक गळून जाऊ द्यावा, कारण त्या चिकाने खाज सुटते. बेसन आणि कच्चे दही एकत्र करण्यास खाण्यात द्विदळाचा निषेध आहे. तो लेपाला लावायचा की नाही हे ज्या-त्या घराने ठरवावे. ज्यांना शंका असेल त्यांनी बेसनाऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे, लेप तितकाच चांगला होतो. रात्र उलटलेले ओले पीठ मात्र कोणीच वापरू नये. वासी अन्नाचा नियम येथे जंतुशास्त्राशी तंतोतंत जुळतो. घरच्या मिश्रणात टिकाऊपणाची रसायने नसतात, तेव्हा पाणी लागले की काही तासांत जंतू वाढू लागतात. उटणे कोरडे करून ठेवावे, ओले त्या वेळेपुरतेच करावे.

नवे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी, आणि नवरीसाठी ही परीक्षा लग्नाच्या पंधरा दिवस आधी व्हावी, आदल्या संध्याकाळी नव्हे. तान्ह्या बाळाला डाळीच्या पिठाने घासू नये. इसब, उघडी जखम किंवा पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर डॉक्टरांकडे जावे. तेथे उटण्याचे काम नाही.

गोरेपणाच्या आशेने माणसे कोठवर जातात, हे केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये दिसले. त्वचा उजळवणारी मलमे वापरणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले, आणि त्या मलमांत पारा आढळला. आठ दिवसांत उजळपणा देणारी, लेबलवर घटक न लिहिलेली डबी घरात आली असेल तर ती तशीच फेकावी. घरच्या मसूर-हळदीने रंग बदलत नाही, तसा दावा कोणी करूही नये. त्वचा स्वच्छ राहते, मऊ राहते, निस्तेजपणा जातो; एवढे झाले म्हणजे पुष्कळ झाले.

कोरड्या त्वचेसाठी, फुटलेल्या ओठांसाठी आणि टाचांच्या भेगांसाठी शतधौत घृत करावे. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला विकत आणावे लागणारे काहीच लागत नाही. तांब्याच्या परातीत किंवा मोठ्या ताम्हणात पाव वाटी गाईचे तूप घ्यावे, त्यात तेवढेच गार, गाळलेले पाणी घालून तळहाताने किंवा तांब्याच्या पेल्याच्या बुडाने गोल गोल घोटावे. दोन-तीन मिनिटांनी पाणी ओतून टाकावे, नवे घालावे. असे शंभर वेळा. पहिल्या वीस-पंचवीस धुण्यांत फारसे काही दिसत नाही. मग तुपाचा पिवळेपणा जाऊ लागतो, वास मावळतो आणि शेवटी पांढरेशुभ्र, हलके, सायीसारखे मलम तयार होते. दोघीतिघींनी मिळून केले तर दुपार सुखाने जाते. शेवटचे पाणी पूर्ण निथळू द्यावे, नाहीतर आत राहिलेल्या थेंबांनी बुरशी धरते. मलम काचेच्या कोरड्या बरणीत भरून थंड जागी ठेवावे. ते खाण्यासाठी नाही. दिसायला थेट लोण्यासारखे असल्यामुळे बरणीवर नाव आणि तारीख ठळक लिहावी.