नाव पुसले, माणूस उरला

रात्री दोन वाजता छातीत चमक आली, तर शेजारी झोपलेल्या माणसाला उठवण्याआधी हल्ली आपण मोबाइल उचलतो. मूळव्याध, गर्भपात, थकलेले कर्ज, मुलाचे व्यसन... डॉक्टरला किंवा सख्ख्या भावालाही सांगायला जीभ रेटत नाही, ते सर्चच्या चौकटीत बिनदिक्कत टाइप होते. त्याची नोंद कुठेतरी राहत असणार, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण नोंदींवरचे नाव काढून टाकले की त्या कुणाच्याच राहत नाहीत, अशी आपली समजूत असते. कंपन्यांचीही होती. ती किती कच्ची आहे, हे अमेरिकेत २००६ साली चव्हाट्यावर आले.

एओएल ही त्या काळची तिथली मोठी इंटरनेट कंपनी. ४ ऑगस्ट २००६ रोजी तिच्या संशोधन विभागाने एक फाइल सर्वांसाठी खुली केली. मार्च ते मे या तीन महिन्यांत साडेसहा लाखांहून अधिक ग्राहकांनी केलेले सुमारे दोन कोटी शोध तिच्यात होते. हेतू वाईट नव्हता. लोक माहिती कशी शोधतात, याचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठांतल्या संशोधकांच्या हाती अशा खऱ्या नोंदी सहसा लागत नाहीत. त्या मिळाव्यात, इतकेच. खबरदारी म्हणून ग्राहकाचे नाव काढून त्याजागी एक क्रमांक घातला होता. क्रमांकापुढे काय शोधले, केव्हा शोधले आणि कोणत्या संकेतस्थळावर क्लिक केले, एवढाच मजकूर.

गोची त्या क्रमांकातच होती. एका माणसाचे तीन महिन्यांचे सगळे शोध एकाच क्रमांकाखाली ओळीने लागले होते. वहीवर नाव नव्हते, पण पाने एकाच दोऱ्यात शिवलेली होती. आणि माणूस शोधतो काय? स्वतःच्या गावातला माळी, आपल्या वसाहतीतल्या घरांचे भाव, आपल्याच आडनावाची माणसे. समजा, आपल्याकडे कुणाच्या यादीत ‘इस्लामपूर फिजिओथेरपिस्ट’, एखाद्या पोटजातीचे वधूवर मंडळ, एका शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा आणि चार वेळा एकच आडनाव आले, तर त्या गावातला कुणीही चहा संपायच्या आत घर दाखवून देईल.

तिथे नेमके तेच झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या दोन वार्ताहरांनी एका क्रमांकाचे शोध वाचत वाचत जॉर्जिया राज्यातल्या एका वयस्क विधवेचे घर गाठले. फाइल खुली होऊन आठवडाही उलटला नव्हता. ती बोलायला तयार झाली आणि तिचे नाव छापूनही आले. इथे ते पुन्हा द्यायचे कारण नाही. वार्ताहराने तिचेच शोध तिला वाचून दाखवले, तेव्हा हे आपले सगळे खासगी आयुष्यच आहे, कुणी मागून डोकावत असेल याची कल्पनाच नव्हती, असे ती म्हणाली.

पण या बातमीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे. तिच्या यादीत बोटांना येणारी बधिरता, हातांची थरथर, तोंड कोरडे पडणे, निकोटिनचे परिणाम आणि बायपोलर आजार असे शोध होते. एखाद्या विमा कंपनीच्या माणसाने ही यादी पाहिली असती, तर त्याने बाईंची फाइल लगेच बाजूला काढली असती. प्रत्यक्षात ती मैत्रिणींच्या दुखण्यांची माहिती त्यांना धीर देण्यासाठी शोधून देत असे. निकोटिनचा शोधही सिगारेट सोडू पाहणाऱ्या मैत्रिणीसाठी होता. म्हणजे धोका दुहेरी. यादीवरून माणूस बरोबर सापडतो आणि त्याच्याबद्दलचा निष्कर्ष मात्र साफ चुकू शकतो. त्याच फाइलमध्ये एका क्रमांकाखाली बायकोच्या खुनासंबंधीचे शोध होते. तो माणूस खरेच काही बेत करत होता की रहस्यकथा लिहीत होता, हे यादी सांगत नाही. वाचणारे मात्र ठरवून मोकळे होतात.

एओएलने तीन दिवसांत फाइल मागे घेतली आणि चूक कबूल केली. कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी पायउतार झाल्या, दोघांची नोकरी गेली. तोवर फाइलच्या प्रती जगभर पोहोचल्या होत्या.

हे आधी कुणाच्या लक्षात आले नव्हते, असेही नाही. नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात फक्त सहा जण निघाले, त्यांत पुरुष तीन आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद हाती आली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसे एकमेव ठरू शकतात, असा स्वीनी यांचा पुढचा अंदाज होता. ही तीन माहितीची तुकडे, पण सर्चच्या यादीत तसे शेकडो असतात.

मग या नोंदी कुलूपबंदच ठेवायच्या का? तेही सोपे नाही, कारण त्यांचा उपयोग खरा आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी बिंगवरच्या शोधांतून, ज्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे नुकतेच कळले असावे, अशी माणसे वेगळी काढली आणि त्यांच्या आधीच्या महिन्यांतल्या शोधांत लक्षणे तपासली. निदानाच्या आधीच ५ ते १५ टक्के रुग्ण फारसे चुकीचे इशारे न देता ओळखता येतील, असे त्यांना दिसले. हा कर्करोग बहुधा फार उशिरा कळतो, त्यामुळे हा आकडा लहान म्हणता येणार नाही. मात्र हे काम कंपनीने आपल्या घरात केले, फाइल चौकात ठेवली नाही.

बाहेर द्यायचेच असेल, तर एक वेगळी वाट आहे आणि तिचे मूळ जुने आहे. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने नाजूक प्रश्न विचारण्याची एक पद्धत मांडली. तिचे सोपे रूप असे. ‘तुम्ही दारू पिता का?’ असे हजार जणांना विचारा, पण प्रत्येकाने आधी गुपचूप नाणे उडवायचे. छापा पडला तर खरे सांगायचे. काटा पडला तर पुन्हा उडवायचे आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचे. आता कुणी ‘हो’ म्हणाला तर ते त्याचे की नाण्याचे, हे बायकोलाही कळणार नाही. पण नाण्यामुळे सुमारे २५० ‘हो’ येणार, हे आपल्याला माहीत आहे. एकूण ३५० आले, तर वरचे शंभर हे खरे बोलणाऱ्या पाचशेंपैकी. म्हणजे पिणारे साधारण २० टक्के. गर्दीचे खरे कळले, माणूस झाकला गेला.

सिंथिया ड्वॉर्क आणि सहकाऱ्यांनी याच विचाराला २००६ मध्ये, म्हणजे एओएलची फाइल फुटली त्याच वर्षी, काटेकोर गणिती रूप दिले. कोविडच्या काळात गुगलने ताप, वास न येणे अशा चारशेहून अधिक लक्षणांचे शोध कोणत्या भागात किती वाढले, हे संशोधकांसाठी खुले केले, ते आकड्यांत अशी हेतुपुरस्सर गडबड मिसळूनच. त्यात एकाही माणसाची यादी नव्हती. मूळ शब्दांच्या यादीला मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही. हजारो लोक ‘ताप’ शोधतात. आपल्या गल्लीतल्या माणसाचे नाव शोधणारे एखाददुसरेच असतात, आणि ते शब्दच त्यांचा पत्ता असतात.

जॉर्जियातल्या त्या बाईंनी एओएलची वर्गणी बंद करायचे ठरवले. त्यांच्या मैत्रिणींची दुखणी मात्र त्या फाइलच्या प्रतींमध्ये अजूनही त्यांच्याच क्रमांकाखाली आहेत.