खेळघराची अंतर्रचना

हिंगणघाट-पुलगांवच्या गिरण्यांचे भोंगे आपणां वर्धा जिल्ह्यांतील मंडळींच्या परिचयाचे. मुंबईस लोअर परळची फिनिक्स गिरणी १९०५ सालची. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवाची रया गेली आणि गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच आवारांत बोलिंगचें खेळघर निघालें.

हें बोलिंग म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजी नव्हे. १५ इंच उंचीच्या दहा सोंगट्या त्रिकोणांत मांडून, जास्तींत जास्त १६ पौंडांचा गोळा जमिनीवरून घरंगळवीत त्या पाडावयाच्या, एवढाच खेळ.

सजावट म्हटली कीं आपली नजर भिंतींकडे जाते. येथें सारें मर्म जमिनींत आहे. फेंकीच्या रेषेपासून पहिल्या सोंगटीपर्यंत ६० फूट अंतर, पट्टीची रुंदी ४१॥ इंच. धांवेची जागा व सोंगट्या उभ्या करणारें यंत्र धरल्यास लांबी ८० फुटांवर जाते आणि आड खांब येतां कामा नये. सपाटींत सुमारें एक मिलिमीटरहून अधिक चढउतार चालत नाहीं. पूर्वीं गोळा आपटतो तेथें व सोंगट्यांखालीं कठीण मेपल आणि मध्यें मऊ पाइन बसवीत. हल्लीं कृत्रिम थर असतो. आरंभींच्या चाळीसएक फुटांस तेल लावतात. तेलावर गोळा घसरतो, पुढें कोरड्या भागांत पकड मिळून वळतो. डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या या तेलावर निम्मा खेळ अवलंबून!

उजेड सोंगट्यांवर लख्ख हवा, पट्टीवर मंद. चकाकी आली कीं नेम चुकतो. अलीकडे जंबुपार किरणांच्या दिव्यांखालीं भिंतींचे रंग चमकवितात. तरुणांस तें प्रिय; माझ्यासारख्याला मात्र त्या अंधारांत पायरी सांपडत नाहीं. सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांकरितां पाठीच्या खुर्च्या व पायरीशीं एक साधा दिवा ठेवणें रचनाकारास जड जाऊं नये.

राहिला आवाज. सोंगट्या कोसळतांना होणारा कडकडाट खेळणाऱ्यास हवा असतो, शेजारीं फराळास बसलेल्यास नको असतो. म्हणून छतास सच्छिद्र तक्तपोशी करतात, बैठकीखालीं जाजम घालतात. गिरणीच्या मागखात्यांत शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येत नसे; तेथें कामगार पाळीभर उभा असे, पण त्या छतास असें अस्तर कोणीं लाविलें नव्हतें.