विश्लेषण : एअर इंडियाच्या ‘जम्बो’चे मुंबईतून अखेरचे उड्डाण... ‘आकाशाची राणी’ निवृत्त का झाली?

मुंबई विमानतळावरून २२ एप्रिल २०२४ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास एका जुन्या विमानाने उड्डाण केले. त्यात एकही प्रवासी नव्हता आणि ते परत येणारही नव्हते. एअर इंडियाच्या सेवेत सुमारे पाव शतक राहिलेले ‘आग्रा’ नावाचे हे बोइंग ७४७-४०० विमान अमेरिकेकडे रवाना झाले. या उड्डाणाची चित्रफीत काही तासांत हजारो मोबाइलवर पोहोचली. हे विमान इतके खास का होते, ते सेवेतून का गेले आणि निवृत्तीनंतर अशा विमानांचे काय होते, याविषयी...

अखेरच्या उड्डाणात काय घडले?

पूर्वी ‘व्हीटी-ईव्हीए’ अशी भारतीय नोंदणी असलेले हे विमान धावपट्टी सोडल्यावर थोडे वर गेले आणि वैमानिकांनी ते आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला हलकेच कलवले. हवाई क्षेत्रात याला ‘विंग वेव्ह’ म्हणतात, म्हणजे पंख हलवून घेतलेला निरोप. त्यानंतर विमान अमेरिकेतील प्लेनफील्डच्या दिशेने निघाले. प्रवासी सेवेतून मात्र ते आधीच बाहेर पडले होते. एअर इंडियाच्या जम्बोचे अखेरचे व्यावसायिक उड्डाण मार्च २०२१ मध्ये दिल्ली ते मुंबई असे झाले. उरलेल्या चार जम्बो विमानांची भारतीय नोंदणी २०२२ मध्ये रद्द झाली आणि ही विमाने मुंबईत उभी राहिली. पुढे अमेरिकेतील ‘एअरसेल’ कंपनीने ती विकत घेतली. त्यांपैकी दोन मालवाहू विमानांत रूपांतरित करायची आणि दोन सुट्या भागांसाठी मोडायची, अशी योजना त्या वेळी सांगण्यात आली.

जम्बो भारतात कधी आले?

बोइंग ७४७ ने पहिले उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ रोजी केले. जानेवारी १९७० मध्ये ‘पॅन अ‍ॅम’ने न्यूयॉर्क-लंडन मार्गावर ते प्रवाशांसाठी आणले. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, एअर इंडियाचे पहिले जम्बो मुंबईत उतरले. नाव होते ‘एम्परर अशोका’. तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष होते जे. आर. डी. टाटा. विमानांना सम्राटांची नावे, खिडक्यांभोवती झरोक्यासारखी लाल कमान आणि आत भारतीय चित्रशैलीची सजावट, असा थाट त्यांच्या काळात ठरला. ‘आकाशातला महाल’ अशी त्याची जाहिरात केली जाई. पुढे या मालिकेत छत्रपती शिवाजी महाराजांचे नावही एका जम्बोला मिळाले. नव्वदच्या दशकात अधिक आधुनिक ७४७-४०० विमाने आली, तेव्हा सम्राटांऐवजी स्थळांची नावे देण्यात आली. कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजंठा, आग्रा आणि ओल्ड गोव्याचे पोर्तुगीज काळातील नाव, ‘वेल्हा गोवा’.

बोइंगच्या यादीत प्रत्येक ग्राहक कंपनीला एक सांकेतिक क्रमांक असे. एअर इंडियाचा क्रमांक होता ३७. त्यामुळेच या विमानांचे पूर्ण नाव ७४७-४३७ असे लिहिले जाते.

विमानाच्या पुढच्या भागावर उंचवटा का?

जम्बोची ओळख असलेला हा उंचवटा शोभेसाठी नव्हता. साठच्या दशकात अनेकांची खात्री होती, की लवकरच प्रवासी आवाजापेक्षा वेगवान ‘सुपरसॉनिक’ विमानांनी जाऊ लागतील आणि ७४७ ला पुढे मालवाहतूकच करावी लागेल. त्यामुळे मुख्य अभियंता जो सटर यांच्या चमूने विमानाचे नाक वर उघडून समोरून थेट माल आत घेता येईल, अशी रचना केली. नाक उघडायचे तर वैमानिक कक्ष मध्ये येता कामा नये, म्हणून तो वरच्या मजल्यावर गेला. त्यामागचा भाग वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून निमुळता केला आणि तिथे जी जागा तयार झाली, ती प्रवासी कंपन्यांनी आलिशान बैठकीसाठी वापरली. पुढे सुपरसॉनिक विमाने मागे पडली आणि ‘तात्पुरते’ मानलेले जम्बोच अर्धशतक टिकले.

जम्बोमुळे प्रवाशांच्या दृष्टीने काय बदलले?

सर्वात मोठा बदल झाला तो तिकिटाच्या दरात. त्याआधीच्या बोइंग ७०७ मध्ये दीडशे-पावणेदोनशे प्रवासी बसत. जम्बोत चारशेच्या आसपास. एका फेरीचा खर्च दुप्पट-अडीचपट प्रवाशांत वाटला गेल्याने प्रत्येक आसनाचा खर्च घटला. विमानप्रवास अगदी श्रीमंतांच्या पलीकडे पोहोचला. शिक्षणासाठी अमेरिकेला, नोकरीसाठी आखातात किंवा लंडनला गेलेल्या भारतीयांच्या दोन-तीन पिढ्यांचा पहिला परदेशप्रवास याच विमानातून झाला. सांताक्रूझ-सहारच्या आसपास वाढलेल्या मुंबईकरांना चार इंजिनांचा तो घुमणारा आवाज न पाहताही ओळखू येई.

या प्रवासाला दु:खाची किनारही आहे...

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले ‘एम्परर अशोका’ उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जणांचा मृत्यू झाला. विमान किती कलले आहे हे दाखवणारे उपकरण बिघडले आणि रात्रीच्या अंधारात, खाली समुद्र असताना, वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही, असे तपासात निष्पन्न झाले. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून लंडनमार्गे भारतात येणाऱ्या ‘कनिष्क’ या जम्बोत आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोट झाला. त्यात ३२९ जण मारले गेले. एकही वाचला नाही. आयर्लंडमधील अहाकिस्ता या किनारी गावात त्यांचे स्मारक आहे.

दुसऱ्या बाजूला, संकटात माणसांना परत आणणारे विमान म्हणूनही जम्बोची आठवण आहे. करोनाची साथ सुरू होत असताना, ३१ जानेवारी २०२० रोजी एअर इंडियाचे जम्बो चीनमधील वुहानला गेले आणि तेथे अडकलेल्या ३२४ भारतीयांना घेऊन परतले. लगेच दुसरी फेरी झाली. दोन्ही फेऱ्यांत मिळून ६४७ भारतीय आणि मालदीवचे सात नागरिक दिल्लीत आले.

चार इंजिने अडचणीची का ठरली?

मूळ कारण एका जुन्या नियमात आहे. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडल्यास ६० मिनिटांत जवळच्या विमानतळावर पोहोचता येईल अशाच मार्गाने जावे लागे. अटलांटिक किंवा हिंदी महासागर ओलांडायचा तर त्यामुळे मोठा वळसा पडे. तीन किंवा चार इंजिनांना ही अडचण नव्हती. जम्बोच्या वर्चस्वाला या नियमाचाही मोठा हातभार होता.

पुढे इंजिने इतकी भरवशाची झाली की हा नियम सैल करता आला. १९८५ मध्ये दोन इंजिनांच्या विमानांना १२० मिनिटांपर्यंत मुभा मिळाली. काही वर्षांत ती १८० मिनिटे झाली आणि नंतर त्याहून वाढली. याच काळात बोइंग ७७७ सारखी विमाने आली. त्यांचे एकेक इंजिन एवढे शक्तिशाली होते, की दोन इंजिने चारांचे काम करू लागली.

मग हिशेब सोपा झाला. जम्बो ७४७-४०० ताशी साधारण १० ते ११ टन इंधन जाळते. जवळपास तितकेच प्रवासी नेणारे बोइंग ७७७-३००ईआर आठ टनांच्या आसपास भागवते. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या १५-१६ तासांच्या प्रवासात हा फरक ४० टनांच्या घरात जातो. भारतीय विमान कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा ३० ते ४० टक्के असतो. शिवाय चार इंजिने म्हणजे देखभालीला चार, सुट्या भागांचा साठा चारांचा आणि बिघाडाची शक्यताही चार ठिकाणी.

दुसरी अडचण आसने भरण्याची. चारशे जागांचे विमान भरले तरच स्वस्त पडते. अर्धे रिकामे गेले तर तोटा दुप्पट. छोटे विमान दिवसातून दोनदा सोडणे प्रवाशालाही सोयीचे आणि कंपनीलाही.

एअर इंडियाने जम्बो इतका काळ का ठेवले?

लांब पल्ल्यासाठी एअर इंडियाकडे २००७ पासून बोइंग ७७७ आणि २०१२ पासून बोइंग ७८७ ‘ड्रीमलायनर’ येऊ लागली. तेव्हापासून जम्बोचे काम आक्रसत गेले. हज यात्रा, गर्दीच्या काळातील फेऱ्या, कधी दिल्ली-मुंबई आणि संकटकाळातील सुटका मोहिमा एवढेच उरले. त्याला एक ठरलेले काम मात्र होते. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांचे परदेश दौरे. दौरा ठरला की जम्बो प्रवासी सेवेतून काढून अंतर्गत रचना बदलली जाई. दौरा संपला की ते पुन्हा प्रवाशांसाठी सज्ज केले जाई. ऑक्टोबर २०२० मध्ये या कामासाठी खास बनवलेले पहिले बोइंग ७७७ भारतात आले आणि जम्बोची ही भूमिकाही संपली. करोनाने आंतरराष्ट्रीय वाहतूक आधीच ठप्प केली होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली, तेव्हा जम्बो ताफ्याचा कणा राहिले नव्हते.

निवृत्त विमानाचे पुढे काय होते?

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. प्रत्येक उड्डाणात आतील हवेचा दाब वाढतो आणि उतरताना कमी होतो. फुगा फुगवून सोडावा तसा हा ताण सांगाड्यावर येतो. त्यामुळे किती तास आणि किती वेळा उड्डाण झाले, यावर तपासणीचा खर्च ठरतो. ठरावीक वर्षांनी विमान जवळजवळ पूर्ण उघडून तपासावे लागते. या तपासणीचा खर्च विमानाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला, की मालक निवृत्तीचा निर्णय घेतो.

त्यानंतर नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाकडील नोंदणी रद्द होते. नवा मालक आपल्या देशात नोंदणी करून, आवश्यक दुरुस्त्या आणि परवानग्यांनंतर विमान प्रवाशांविना घेऊन जातो. मोडायच्या विमानात सर्वात मौल्यवान असतात ती इंजिने. त्यानंतर चाकांची यंत्रणा, शेपटीतील छोटे वीजनिर्मिती इंजिन आणि कॉकपिटमधील उपकरणे. मात्र प्रत्येक भागाबरोबर तो तयार झाल्यापासूनची कागदपत्रे लागतात. कागद हरवले, तर चांगला भागही भंगाराच्या भावाने जातो. म्हणूनच वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाची किंमत झपाट्याने घटते. उन्हापावसाने, त्यातही मुंबईच्या दमट खाऱ्या हवेने, गंज लवकर चढतो. शेवटी उरलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा कापून वितळवला जातो. ज्यांचे मालवाहूत रूपांतर होते, त्यांच्या बाजूला मोठा दरवाजा बसवतात आणि जमीन मजबूत करतात. नाक उघडण्याची सोय फक्त कारखान्यातच मालवाहू म्हणून बनलेल्या जम्बोत असते.

एखादे जम्बो जपून ठेवता आले नसते का?

जगात अशी उदाहरणे आहेत. पहिलेवहिले ७४७ अमेरिकेत सिएटलच्या संग्रहालयात आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने एक जम्बो सिडनीच्या दक्षिणेकडील विमान संग्रहालयाला दिले. केएलएमचे एक अ‍ॅमस्टरडॅमजवळ एका हॉटेलच्या बागेत उभे आहे. स्टॉकहोमच्या विमानतळाजवळ तर जम्बोतच राहण्याची सोय करण्यात आली होती.

हे काम स्वस्त नसते. ७० मीटर लांब, ६४ मीटर पंखांचे विमान ठेवायला मोठी जागा लागते. धावपट्टीपासून दूर न्यायचे तर तुकडे करून पुन्हा जोडावे लागतात आणि नंतर कायम रंगरंगोटी, देखभाल करावी लागते. मुंबईसारख्या विमानतळावर तर विमान उभे करायची जागाही दुर्मीळ. तरीही एक विसंगती जाणवते. एअर इंडियाचा प्रसिद्ध कलासंग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. नरिमन पॉइंटची इमारत १,६०१ कोटी रुपयांना राज्य सरकारला देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. चित्रे आणि वास्तू यांच्या भवितव्याचा विचार सरकारी पातळीवर झाला. ज्या विमानांनी ही ओळख जगभर नेली, त्यांचा निर्णय मात्र बाजारभावाने झाला. हवाई वाहतुकीचा इतिहास सार्वजनिक ठेवा मानायचा की कंपनीची मालमत्ता, हा प्रश्न यापुढे निवृत्त होणाऱ्या विमानांबाबतही येणारच आहे.

जगातून जम्बो संपले का?

अजून नाही. ब्रिटिश एअरवेजने २०२० मध्ये आपला संपूर्ण जम्बो ताफा निवृत्त केला. क्वांटासनेही त्याच वर्षी निरोप घेतला आणि अखेरच्या विमानाने आपल्या उड्डाणमार्गाने आकाशात कांगारूची आकृती काढली. बोइंगने १,५७४ वे आणि शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ‘अ‍ॅटलास एअर’ला दिले. ते मालवाहू होते. लुफ्थान्सासारख्या मोजक्या कंपन्यांकडे प्रवासी जम्बो आजही आहेत. मालवाहतुकीत तर त्यांना अजून मागणी आहे, कारण नाक उघडून लांबलचक यंत्रे आत घेण्याची सोय दुसऱ्या फारशा विमानांत नाही. साठ वर्षांपूर्वी ज्या कामासाठी अभियंत्यांनी वैमानिक कक्ष वरच्या मजल्यावर नेला, त्याच कामावर आता जम्बोची भिस्त आहे.