गेल्या सहा महिन्यांत पडलात का?

केमोथेरपी पंचाहत्तरीतल्या माणसाला कितपत झेपेल, हे आधी कसं ओळखायचं? रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन, बायोप्सी हे सगळं असतंच. त्याच्या जोडीला हे प्रश्न ठेवून पाहा. ऐकू नीट येतं का? गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का? गोळ्या आपल्या आपण घेता का? गल्लीच्या टोकापर्यंत चालवतं का? तब्येतीमुळे लोकांकडे जाणं-येणं कमी झालंय का?

ख्यालीखुशाली विचारायला आलेल्या पाहुण्याचे प्रश्न वाटतात ना? पण अमेरिकेतल्या डॉ. आरती हुरिया यांनी ६५ वर्षांवरच्या ५०० रुग्णांचा अभ्यास करून २०११ साली जी गुणपद्धत मांडली, तिच्या अकरा मुद्द्यांत हे पाचही आहेत, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडांच्या कामाच्या पंगतीला! आणि डॉक्टर रुग्णाची एकंदर हालचाल पाहून जे गुण देतात, त्यांवरून मात्र गंभीर त्रास कोणाला होईल ते ओळखता आलं नाही. अनुभवी नजरही इथे चकते.

पूर्ण वृद्धत्व-तपासणीत आणखी काही गोष्टी येतात. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. एवढ्याला किती सेकंद लागले? घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवता येतात का? वजन उतरलंय का, मन उदास असतं का, घरी सोबत कोण आहे?

या माहितीने उपचार खरंच बदलतात का? डॉ. सुप्रिया मोहिले आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या ७१८ रुग्णांवर हे तपासलं. सगळ्यांचा कॅन्सर बरा न होण्याच्या टप्प्यातला. काहींच्या डॉक्टरांना तपासणीचा गोषवारा आणि सूचना दिल्या, बाकीच्यांच्या डॉक्टरांना नाही. २०२१ साली निकाल आला: गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांऐवजी ५१ टक्के रुग्णांत, पडण्याचं प्रमाणही कमी. पहिल्या फेरीत अनेकांना औषध कमी मात्रेत दिलं गेलं, तरी सहा महिन्यांनंतरच्या जगण्यात लक्षणीय फरक पडला नाही. मला सर्वात थक्क करतं ते हेच. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त विचारपूस, आणि तिच्यावरून घेतलेले निर्णय.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध कॅन्सररुग्णांसाठी असा स्वतंत्र दवाखाना चालतो. पण तो सगळ्यांच्या आवाक्यात नाही. तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे नेताना त्यांच्या सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि न्हाणीघरात ते घसरले होते, हे विचारलं नाही तरी सांगा.